अर्जदाराचे स्वतःचे मत नेमके कोठे पडले, ते कळविणेबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
प्रभाग निवडणूक कार्यालय, सोलापूर.

विषय: मतदान यंत्राच्या विश्वासार्हतेची व कायदेशीरपणाची तातडीने चौकशी होणेबाबत.
संदर्भ: नुकताच लागलेला निकाल व त्यानंतरची घरातील परिस्थिती.

महोदय,

अर्जदार संगप्पा हत्तुरे हा कडक भाकरी व शेंगाचटणीचा दुकानदार असून 'ब' जागेवर एका मताने पडलेल्या उमेदवार सौ. श्रीदेवी यांचा तो कायदेशीर पती आहे.

१. प्रचारात "ब जागा, दुसरं बटण" हे अर्जदाराने साऱ्या गल्लीच्या डोक्यात भरविले. मतदानादिवशी त्याने आत जाऊन दुसरे बटण दाबले व तो ऐटीत बाहेर निघाला. तोच केंद्रावरील बाई ओरडल्या, "ओ काका, चार जागांची चार मतं हायत! बाकीची तीन दाबा की, त्याबिगर मशीन वाजत न्हाय."

२. मागे रांग खोळंबलेली, अर्जदार घामाघूम. आधी दाबलेले बटण 'अ'चे की 'ब'चे, हे त्यास आठवेना व दिवे बघणे सुचेना. उरलेली तीन त्याने सिद्धरामेश्वराचे नाव घेऊन दाबली. यंत्र लगेच वाजले. मतदाराच्या मनात काय होते याची कसलीही खातरजमा न करता यंत्र वाजते, ही बाब गंभीर आहे.

३. निकालानंतर शेजारणींदेखत सौ. नी विचारले, "तुमचं तरी मत मला पडलंय न्हवं?" अर्जदाराने क्षणभर विचार केला. तेवढेच नडले. मग "मशीनच खराब हाय" असे त्याने ठोकून दिले. गल्लीला ते पटले, सौ. ना पटले नाही. त्या बोलत नाहीत, व अर्जदार दोन्ही वेळा विक्रीचीच भाकरी खात आहे. प्रचारात पायाला फोड येईपर्यंत सौ. दारोदार फिरल्या आणि घरातच दगा झाला असे त्यांना वाटते, याचे त्यास फार वाईट वाटते.

४. आपल्या लिपिकांनी "मतदान गुप्त असतंय" असे सांगून अर्जदारास परत पाठविले. मत अर्जदाराचे, बोट अर्जदाराचे, मग गुप्तता अर्जदारापासूनच का?

तरी यंत्र उघडून सदर मत पत्नीस पडल्याचा सहीशिक्क्याचा दाखला द्यावा. तसे न निघाल्यास यंत्र सदोष असल्याचा दाखला द्यावा. आणि यंत्र अगदीच निर्दोष ठरले, तर तो अहवाल कृपा करून घरच्या पत्त्यावर पाठवू नये.

आपल्या शिक्क्यावर संसार अवलंबून असलेला,
संगप्पा हत्तुरे
सोलापूर, दि. १९ जानेवारी २०२६