बारा स्वेटर, एकच माप

६ जून

तक्ता लागला एकदाचा! कपाटाच्या दारावर, आणि तोही बाहेरून – येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. लेकीने, म्हणजे आमच्या चिमणीने, कॉलेजात दोन दिवसांचं कसलंसं शिबिर केलं. ‘छंदातून व्यवसाय.’ घरी आल्यावर तिला पहिला बळीचा बकरा सापडला तो बाप.

"बाबा, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता आणि स्वेटर विणता. आवडतं काय?"

म्हटलं, विणणं. हे काय विचारायचं?

"मग ध्येय लिहा."

लिहिलं. तिने चार वेळा खोडायला लावलं. ‘भरपूर विणावं’ हे ध्येय नाही म्हणे, ती नुसती इच्छा. ध्येयाला आकडा लागतो, तारीख लागते. शेवटी तिच्या मनासारखं झालं – ‘३१ ऑगस्टपर्यंत बारा स्वेटर. ५ सप्टेंबरला नोकरीचा राजीनामा.’

दुसरी ओळ वाचायला बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. वाचली. परत आत गेली. मग भांडी जरा जास्तच वाजली.

७ जून

राजीनाम्याचं काही मी उगाच हवेत लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात बाजारातल्या एका इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. खाली लोकरीच्या कपड्यांचं दुकान आहे. तिथल्या बाईंनी माझ्या पिशवीत पाने-पकडींच्या मधून सुया डोकावताना पाहिल्या. विणलेलं हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, "बारा द्या. बिनबाह्यांचे, पुरुषांचे, सगळे एका मापाचे. छाती बेचाळीस. जमले तर दर महिन्याला घेईन."

आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेबांनी माझ्या हातात पत्र ठेवलं. सुपरवायझर! खुर्ची, टेबल, तीन फोन. सही करून ५ सप्टेंबरपर्यंत द्यायचं, नाहीतर दुसऱ्याला. लोक या पत्रासाठी देव पाण्यात घालून बसतात. मला ते नकोसंच झालं. कारण आत्ता दोन तक्रारींच्या मध्ये मी कुठल्यातरी गच्चीवर मोटरच्या खोलीत बसतो आणि दोन-अडीच तास विणतो. जोडीदार सोडला तर कुणाला पत्ता नसतो. तीन फोनांसमोर कोण विणू देणार?

म्हणजे हे नाहीतर ते. दोन्ही एकदम जमणार नाही.

१५ जून

पहिला झाला! निळा. आधी तळहाताएवढा नमुना विणला, फूटपट्टी लावून टाके मोजले, बेचाळीस छातीला किती टाके लागतील ते काढलं आणि चिठ्ठीवर लिहून सुयांच्या डबीत ठेवलं. आता बाराही स्वेटरना तेवढेच टाके. आत्या असती तर खूश झाली असती. मला कावीळ झाली होती, महिनाभर अंथरुणाला बांधून ठेवलं होतं, तेव्हा तिनेच शिकवलं. नऊ वर्षांचा होतो.

स्वेटर मांडीवर घेऊन बसलो होतो तर चिमणी आली.

"झाला ना? मग घाला पिशवीत. एकेक स्वेटर आठवडाभर कुरवाळत बसता तुम्ही! संपला की बंद, हिरवी खूण, पुढचा. मागे वळून बघायचं नाही."

पिशवीत घातला. कपाटावर ठेवला. ती म्हणते ते चूक नाही.

२२ जून

दुसरा. हिरवी खूण.

३० जून

तिसरा एक दिवस उशिरा. चिमणीने लाल पेन काढलं. एक दिवस, फक्त एक दिवस! म्हटलं, अगं, काल तीन ठिकाणी लिफ्ट बंद होत्या. "कारणं तक्त्यावर मावत नाहीत, बाबा." हे कुठून शिकून येतात?

कामावर बातमी फुटलीच आहे. माझ्या जोडीला असतो त्याला आम्ही पाना म्हणतो. हात लावला की नट सुटलाच पाहिजे, असा त्याचा खाक्या. तो आज सगळ्यांसमोर म्हणाला, "काय आजीबाई, नातवंडांचे मोजे झाले का?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. काय करणार?

६ जुलै

आज दवाखान्यातली लिफ्ट. आत चार माणसं, त्यातली एक व्हीलचेअरवर. तीन तास! वरून मी त्यांच्याशी बोलत होतो, गप्पा मारत होतो, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? तीन तास गेले म्हणजे पाठीच्या चाळीस ओळी गेल्या. लाज वाटली. आत माणसं घाबरलेली आणि हा ओळी मोजतोय!

संध्याकाळी दात-ओठ खाऊन विणत बसलो. चौथा वेळेत झाला. हिरवी खूण. बघायलाही उठलो नाही.

२४ जुलै

आज भांडण. खरं म्हणजे महिनाभर शिजत होतं ते आज उतू गेलं.

ही म्हणाली, "अहो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं सोडून खुर्ची मिळतेय, आणि तुम्हाला सुया सुचतायत?"

मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं? नको होतं म्हणायला. तोंडातून गेलं.

"मला कळतं ते एवढंच. तीन बरगड्या. सोळा दिवस. दवाखान्याच्या त्या बाकड्यावर मी बसले होते, चिमणीचा तक्ता नव्हता बसला."

दोन वर्षांपूर्वी मी खड्ड्यात पडलो होतो, ते ती बोलत होती. तिचं चुकत असतं तर भांडायला तरी मजा आली असती. सुपरवायझर खड्ड्यात उतरत नाही, हे खरंच आहे. पण राजीनामा दिला तर मीही उतरणार नाही ना! हे सुचलं तोवर ती झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून बसली होती.

सातवा अर्धा झालाय. आता अबोला आणि विणकाम, दोन्ही जोरात चालू.

२ ऑगस्ट

आज पहिल्यांदा विणायचा कंटाळा आला.

ओळ लिहिली आणि परत वाचली. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ताप असताना विणलंय. आई गेली त्या आठवड्यात विणलंय, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बोटं चालत होती. आणि आज मोटरच्या खोलीत बसलो, पिशवी उघडली आणि वाटलं – नको. चक्क नको! कुठूनतरी तक्रारीचा फोन यावा म्हणून वाट बघत बसलो.

यालाच व्यवसाय म्हणतात का? ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप, त्याच्याच जिवावर उठायचं? चिमणीला विचारलं असतं तर म्हणाली असती, शिबिरात हेही सांगितलंय, याला अमुक टप्पा म्हणतात. म्हणून विचारलं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागलाय.

१० ऑगस्ट

नववा. हिरवी खूण. आनंद शून्य.

२१ ऑगस्ट

पाना आज वर मोटरच्या खोलीत आला, डबा उघडला आणि माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, कर बाबा चेष्टा, आटप. तर म्हणाला, "चेष्टा नाही रे. पूर्वी तू विणायला लागलास की मला झोप यायची. आता तू नट आवळल्यासारखं विणतोस. बघूनच माझे खांदे दुखायला लागले."

त्याला म्हटलं, जेव मुकाट्याने. अजून दोन बाकी आहेत.

३१ ऑगस्ट

बारा! झाले! दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा टाका बंद केला. चिमणीने टाळ्या वाजवल्या, तक्त्यावर भलीमोठी हिरवी खूण केली, माझा फोटो काढला. बायकोने चहा पुढे ठेवला. काही बोलली नाही, पण आलं घातलं होतं. अबोला संपल्याची ही तिची पद्धत आहे.

राजीनामाही लिहून ठेवलाय. चार ओळी. उद्या बाईंच्या दुकानात जायचं आणि मग सरळ साहेबांकडे.

१ सप्टेंबर

काय लिहू?

बाईंनी पहिली पिशवी उघडली, टेप लावली. बेचाळीस. मान डोलावली. दुसरा बेचाळीस. तिसरा साडेएक्केचाळीस – "चालतं एवढं." चौथा एक्केचाळीसला कमी. मग नुसती टेप. सातवा एकोणचाळीस. दहावा सदतीस. बारावा साडेपस्तीस! तो आमच्या पानाच्या एका खांद्यावर मावला असता, छातीचं सोडाच.

मला कळेचना. म्हटलं, बाई, टाके सगळ्यांना सारखेच आहेत, मोजा. त्यांनी खरंच मोजले. पहिला आणि बारावा शेजारी ठेवून, बोट फिरवत. एक टाका कमी नाही की जास्त नाही. लोकर तीच, सुया त्याच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाके तेवढेच, पण प्रत्येक टाका आवळलेला! आठवड्यागणिक जास्त. नमुना मोजला तो जूनमध्ये, एकदाच. त्यानंतर एकही स्वेटर दुसऱ्याशेजारी ठेवून बघितला नाही. मागे वळून बघायचं नाही ना! पिशवीत, हिरवी खूण, पुढचा.

काउंटरवर बाराही ओळीने पडले होते आणि मी मूर्खासारखा एकेकाची कैफियत सांगत सुटलो. हा चौथा, दवाखान्यातली लिफ्ट. हा सातवा, बायकोशी भांडलो तो. इथून खाली बघा, इथून ती बोलायची बंद झाली. हा आठवा, अंगठा दुखायला लागला, म्हणून डावीकडे जास्त घट्ट. बाई हाताने चाचपून बघत होत्या. एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

"मला एका मापाचे हवे होते हो," एवढंच म्हणाल्या. तीन ठेवून घेतले, नऊ परत दिले. दर महिन्याचं काही मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

२ सप्टेंबर

घरी नऊ स्वेटर सोफ्यावर मांडले. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. फोटो काढायला बसलेलं कुटुंब जसं! चिमणी रडायलाच लागली. "माझ्यामुळे झालं." तिला जवळ घेऊन बसलो. पोरीने माझ्यासाठी जीव तोडून केलं होतं सगळं. आवळत मी होतो.

बायको दारात उभी राहून बघत होती. आधी हसली – खूप दिवसांनी अशी हसली. मग जवळ आली आणि ओळीतला एक उचलला.

"हा माझ्यावरचा ना?"

तिला कसं कळलं? सातवाच होता.

"हा मी घालणार. भांडण माझं, स्वेटर माझा."

तिला अगदी बेताचा बसला.

४ सप्टेंबर

तक्ता काढला. चिकटपट्टीबरोबर कपाटाचा रंगही निघाला. सुया माळ्यावर टाकल्या. राजीनामा फाडला. उद्या सुपरवायझर. तीन फोन. चला, बरगड्या तरी शाबूत राहतील.

दिवसभर हात रिकामे रिकामे वाटतायत.

५ सप्टेंबर

सकाळी अकराला सही केलेलं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साडेबाराला दुकानवाल्या बाईंचा फोन. त्यांच्यासाठी चौदा बायका घरी बसून विणतात. एकीचं माप दुसरीशी जुळत नाही, का ते सहा वर्षांत बाईंना कळलेलं नाही. "तुम्ही नुसत्या विणीवरून सगळं सांगितलंत. मला तसा माणूस हवाय. विणायचं थोडं, त्यांच्याशेजारी बसायचं जास्त. रोजचं काम, पगार. सोमवारपासून येता?"

बायकोला फोन केला. तिने एकच विचारलं, "खड्डा नाही ना?" म्हटलं, नाही. "मग विचारता काय?"

साहेब जेवायला गेले होते. पत्र टेबलावरच होतं. त्याच्या जागी राजीनामा नव्याने लिहून ठेवला आणि ते पत्र उचलून आणलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आत्ता नव्या नमुन्याचे टाके लिहिलेत.