तीन छत्र्यांचा दिवा

४ मार्च
दिवा टांगला. आमच्या कारखान्यातला पहिला नमुना — एकाखाली एक तीन पत्र्याच्या छत्र्या, आतून पांढऱ्या. ड्रॉइंग माझं. तिथले मिस्त्री म्हणतात, "उजेड दिसावा, बल्ब दिसू नये." खुर्चीत बसून डोळ्यांची उंची तीनदा मोजली, टेबलाच्या दोन विती वर बांधला. खोली मवाळ झाली. दाखवायला कुणी नाही. पण उद्या आई येतेय, आठवडाभर. पहिल्यांदाच.

५ मार्च
आईनं वर पाहिलं. "बरा आहे." बस्स. खुर्ची ओढून दिली, तर म्हणाली, "मी खालीच बरी." टेबलाकडे पाठ करून जेवली.

७ मार्च
आजही पाठ. काय चुकलं माझं? घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. काही बोलले की शिकलेपणाचा तोरा वाटतो का? दिवा बोटभर खाली घेतला. पुन्हा वर.
"झालं का तुझं?"
"झालंच, आई."

९ मार्च
गेली. तीन दिवस आधीच. पुन्हा कधी येशील विचारलं.
"बघू."

१० मार्च
पेन्सिल घरंगळली. शोधायला खाली बसले, नेमकी आईच्या जागी. मान वर केली तर बल्ब थेट डोळ्यांत! खुर्चीतले डोळे तेवढे मोजले मी. आमच्या घरात खुर्ची नव्हतीच. दहावीपर्यंतचा अभ्यास जमिनीवर मांडी घालून केला. आणि हे मीच विसरावं?
म्हणजे आई रागावली नव्हती. उजेड डोळ्यांत खुपत होता तिच्या.

११ मार्च
मिस्त्रींना चूक सांगितली.
"खाली बसणारं गिऱ्हाईक कोण गं आपलं?"
"माझी आई."
ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "खालून दुधी काचेची चकती लाव. साच्याचं काम थांबवतो मी." दुपारी नवं ड्रॉइंग दिलं. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च
आईला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली.
ती म्हणाली, "उजेडाचं काय घेऊन बसलीस? चार दिवस तू वरच बघत होतीस, बाई. मला वाटलं, माझ्याकडे बघायची लाज वाटते तुला."