मुकादमाचे तीन पाय आणि चौदा पायऱ्या

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा दंडवत. (उभ्यानेच घालतोय. सध्या खाली वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात, कारण पुढे येईलच.) तब्येत कशी आहे? खुब्याचं हाड जुळलं असं भाच्याने फोनवर सांगितलं. जेवण जातं का? झोप लागते का? सूनबाईच्या कामात चुका काढतेस का? काढत असशील तर तू बरी आहेस असं समजतो आणि पुढे लिहितो.

तू भाच्याकडून निरोप धाडलास की, आता चौदा पायऱ्या चढणं माझ्याच्याने होणार नाही, मी इथेच राहते, माझी माडीवरची खोली महिनाअखेर रिकामी करा, आणि मुकादमाला तुम्हीच ठेवून घ्या, तीन पायांचा झालेला मला बघवणार नाही. निरोप पोचला. उत्तर देण्याआधी मुकादमाची हकीकत सांगणं भाग आहे. कुत्रा तुझा आहे, त्याने माझ्या घरात काय धुमाकूळ घातला हे तुला कळायलाच हवं.

ऑपरेशनला तू फोनवर हो म्हणालीस आणि लगेच रडायला लागलीस, त्यामुळे बाकीचं सांगायचं राहून गेलं. मागच्या डाव्या पायाच्या हाडात गाठ होती. ती पसरायच्या आत डॉक्टरीणबाईंनी पाय काढून टाकला. अकरा वर्षांच्या कुत्र्याला हे झेपेल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, कुत्र्याला झेपतं हो, घरच्यांना झेपत नाही. मला रागच आला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला पायांबद्दल कोण शिकवणार? खुर्च्या, टेबलं, पलंग धरून किती हजार पाय या हातांखालून गेले असतील! तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डगमगत नाही, डगमगतं ते चार पायांचं, हे मी त्यांना तिथल्या तिथे समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी बजावल्या. एक, त्याच्या पायाखाली काही घसरडं ठेवू नका. दोन, त्याला उठसूट उचलून घेऊ नका. मी दोन्ही मोडल्या. (पहिली नकळत, दुसरी चांगली जाणूनबुजून.)

घरी आणलं तेव्हा मुकादमाच्या गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं होतं, टाके चाटू नयेत म्हणून. ते घेऊन स्वारी उठायला बघायची आणि गुळगुळीत फरशीवर उरलेले तीन पाय तीन दिशांना जायचे. मग मी काथ्याची पायपुसणी आणली. दारापासून माझ्या सुतारकामाच्या कारखान्यापर्यंत, कारखान्यापासून त्याच्या थाळीपर्यंत, अशी ओळीने अंथरली. तुझी भावजय म्हणाली की, घराचं पायपुसण्यांचं दुकान झालं, आता पाय कुठे पुसायचे नाहीत एवढंच सांगा. मी दुर्लक्ष केलं. राहिल्या मागच्या दारातून अंगणात उतरायच्या दोन पायऱ्या. तिथे मी उतरती फळी बसवायची ठरवली. सागाची अस्सल फळी, हाताने रंधलेली, कोन मोजून काढलेला. फळी तयार झाली आणि माझा हात शिवशिवायला लागला. अक्का, तू मला ओळखतेस. खरखरीत लाकूड घराबाहेर जाऊ देणं मला जमत नाही, मग ते कुत्र्यासाठी का असेना. पॉलिश पेपर मारला. मग एक हात पॉलिशचा दिला. मग दुसरा. तिसरा दिला तेव्हा फळीत तोंड दिसत होतं.

उद्घाटनाला शेजारचे निवृत्त हेडमास्तर मुद्दाम कुंपणाशी येऊन उभे राहिले. मुकादमाने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले, माझ्याकडे एकदा विश्वासाने पाहिलं आणि पुढच्या क्षणी तो बसल्या बसल्या नरसाळ्यासकट सुर्रकन खाली गेला, तो थेट धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. (त्या माणसाला मी यापुढे कधी खुर्ची दुरुस्त करून देणार नाही.) तुझी भावजय म्हणाली, जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलात ना, फळीवर हात फिरवून बघा, कुठे अडतोय का? घ्या, कुठेही अडला नाही. संध्याकाळपर्यंत बसून त्या आरशासारख्या फळीवर काथ्याच्या पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक खिळा माझ्या काळजात जात होता.

इथवर हसण्यासारखं होतं. पण त्या घसरगुंडीनंतर मुकादमाने उठायचंच सोडलं. कोपऱ्यात पडून राहायचा. मी करवत चालवायला घेतली की दारात बसून माझ्यावर देखरेख करणारा हा प्राणी, पण आता करवतीच्या आवाजाला कानसुद्धा हलवेना. थाळी तोंडाशी नेली तरच दोन घास खायचा. अक्का, खरं सांगतो, मी घाबरलो. एकतर तू भाच्याकडे गेलेली, वरच्या खोलीला कुलूप, आणि तुझी ही एक ठेव माझ्या हातून जाते की काय! पाय कापायला लावून मी त्याचे हालच केले, असं वाटायला लागलं. म्हणून डॉक्टरीणबाईंचं दुसरं सांगणंही धाब्यावर बसवलं आणि त्याला उचलायला लागलो. अंगणात न्यायला उचल, आणायला उचल, पाण्यापाशी उचल, उन्हात उचल. सव्वीस किलो! आठ दिवसांत साहेबांना याची इतकी गोडी लागली की तहान लागली तर पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघायचे. तुझी भावजय म्हणे, याला चालायला शिकवताय की तुम्ही हमालीचा परवाना काढताय?

नवव्या दिवशी त्याला घेऊन वळताना माझ्या कमरेत काहीतरी कट्‌ झालं. त्याला कसंबसं खाली ठेवलं आणि मीच कारखान्यात लाकडाच्या भुशावर आडवा झालो. हलता येईना. भावजय तुझी दळण आणायला गेलेली. हाका मारल्या तर हेडमास्तर नेमके घरात नाहीत. (हवे तेव्हा नसतातच.) तोंडात, नाकात भुसा गेलेला, डोळ्यांतून पाणी. ते कमरेमुळे होतं. निदान सुरुवातीला तरी कमरेमुळे होतं. आणि बघतो तर मुकादम उठतोय. धडपडला, बसला, परत उठला. पायपुसणी राहिली बाजूला, सरळ उघड्या फरशीवरून तीन पायांवर टुणूक टुणूक करत आला आणि माझ्या तोंडाजवळ नरसाळं टेकवून उभा राहिला. दोघांची तोंडं त्या नरसाळ्यात. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता आणि मी लहान पोरासारखा रडलो. उचलून घ्यायला कोणी उरलं नाही म्हटल्यावर तो उठला, अक्का. इतकं साधं होतं ते, आणि मी गाढवासारखा त्याच्या आड उभा होतो.

त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. टाके निघाले, नरसाळं गेलं, भूक परतली. करवत सुरू झाली की दारात हजर. हेडमास्तरांच्या मांजरीला परवा त्याने कुंपणापर्यंत पळवलं. (मांजर म्हातारी आहे, पण पळवलं ते पळवलंच.) आणि मागच्या आठवड्यात तो जिन्याशी गेला. मी कमरेला पट्टा बांधून खाली उभा, पण हात पाठीमागे घट्ट धरून. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या. दुसऱ्या दिवशी सात, आणि सातवीवर बसून दम खाल्ला. चौथ्या दिवशी चौदा. वर जाऊन तुझ्या कुलूपबंद दारासमोर बसला. आता रोज सकाळी जातो आणि तासभर बसतो. त्याला खाली आणायला म्हणून मला वर जावं लागतं, एरवी माझं तिथे काही काम नसतं.

तुला तो बघवणार नाही म्हणतेस. त्याच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण तुझी मर्जी. मी आग्रह करणार नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता.क. खोली रिकामी करा म्हणतेस, पण किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे. मी सुतार आहे, ते कुलूप दोन मिनिटांत काढीन. काढणार नाही. किल्ली पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. कोणीतरी स्वतः घेऊन आलेलं बरं.

दुसरा ता.क. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे आणि सातव्या पायरीशी भिंतीत बसायची फळी ठोकली आहे. मुकादमासाठी. कठडा तुझ्या कोपराच्या उंचीला आला आहे, तो योगायोग.

वन्सं, नमस्कार. हे मी, तुमची भावजय, लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण कुत्र्याला आणायला वर जातात हे साफ खोटं. कुत्रा एकटा उतरतो. हे त्याच्या आधी वर जाऊन तुमच्या दाराला पाठ टेकून बसलेले असतात, आणि अक्का येणार आहे हं, असं त्याला रोज समजावतात. चहा प्यायलासुद्धा दोघं खाली येत नाहीत, मला वर न्यावा लागतो. माझेही गुडघे काही लहान राहिलेले नाहीत. तुम्ही या. हळूहळू चढा, लागेल तेवढा वेळ लावा, तुम्हाला कोणी उचलणार नाही याची जबाबदारी माझी. दार उघडं असलं तर मलाही आत बसून चहा घेता येईल.