स्कॅनरला शिस्त

३ नोव्हेंबर, सोमवार
गिरीज गावच्या आमच्या वाचनालयात आज बारकोड स्कॅनर आला. अकराशे चाळीस पुस्तकांना स्टिकर मी एकटीने आधीच लावून ठेवलेत. पुस्तकाच्या पाठीवर, कारण वाचनालयात नंबर पाठीवरच असतो. वरून चकचकीत सेलोटेप, दमट हवेचा बंदोबस्त म्हणून. रविवारी नवी पद्धत सुरू. अध्यक्ष श्रीपतराव म्हणाले, जो स्कॅनर चालवेल त्याच्याकडे देवघेवीचे टेबल. म्हणजे माझ्याकडेच. एकवीस वर्षे आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी १०
स्कॅनरने पन्नास पुस्तकांपैकी दोन वाचली. यंत्र आळशी आहे.
समितीतली नवी कॅथरीन स्टिकर बघून म्हणाली, गोल पाठीवर कोड वाकतो, टेपही चमकते, मागच्या कव्हरवर सपाट लावायला हवे होते. वसईतल्या एका मेडिकलमध्ये अठरा वर्षे काउंटरवर होती म्हणे. मी सांगितले, खोकल्याचे औषध वेगळे, साहित्य वेगळे.

५ नोव्हेंबर
स्कॅनरसोबत साठ पानी पुस्तिका आहे. तिच्यात बारकोडच छापलेत. हवा तो स्कॅन केला की सेटिंग बदलते. कंपनीच्या मुलीने फोनवर सांगितले, पान ३१ वर अवघड कोडसाठीची सेटिंग आहे, तेवढी एकच स्कॅन करा.
मी बी.ए. आहे, १९७९ची. पुस्तक मधूनच उघडत नाही. उद्या पान एकपासून. एकही कोड गाळणार नाही.

६ नोव्हेंबर
पान १ ते ३० पूर्ण. पान ९ नंतर आवाज बंद झाला. वाचनालयात शांतता हवीच. पान १४ वर कीबोर्डच्या भाषा होत्या: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. तिन्ही घेतल्या. तेव्हापासून कॉम्प्युटरवर आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. सुरुवातीला असे होणारच.

७ नोव्हेंबर, दुपारी ४
पान ३१ घेतले. झटक्यात फरक! चिन्हांसाठी पुन्हा फोन. मुलगी म्हणाली, पान १४ वरचे इंग्रजी परत घ्या. मागे जाणे मला पटत नाही, पण गेले.
पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. म्हटलेच होते, शिस्तीने सगळे होते.
कॅथरीन शेजारी उभी होती. म्हणाली, "मनोरमाबाय, झालं ना? आता हात नका लावू त्याला."
अजून एकोणतीस पाने शिल्लक आहेत. अर्धवट वाचून ठेवणारे सभासद मी एकवीस वर्षे पाहिलेत. त्यांच्यात माझी भर नको.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
पुस्तिका संपली. शेवटच्या पानावर एकच मोठा कोड होता, खाली बारीक इंग्रजी. चष्मा घरी राहिला होता. घेऊन टाकला. आवाज परत आला, तीनदा वाजला. अभिनंदनाचा असावा. साडी इस्त्रीला दिली.

९ नोव्हेंबर, रविवार
स्कॅनर एकही पुस्तक वाचेना. एकही नाही. रांगेत तेवीस सभासद. पुढे निर्मळचे ॲन्सेल्म, केळीची वाडी सोडून आलेले. म्हणाले, "बाय, तुमची वहीच बरी होती. पानी पाजा मशीनला."
लोक हसले. श्रीपतराव हसले नाहीत, ते जास्त वाईट.
कॅथरीनने पुस्तिका मागितली. शेवटचे पान वाचून तिने विचारले, हा घेतला का? मी म्हटले, अर्थात. तिने हळू आवाजात सांगितले की तो कोड आधीच्या सगळ्या सेटिंग पुसतो. मग पान ३१ काढले, एकदा स्कॅन केले, आणि ॲन्सेल्मचे पुस्तक पुढे ओढले. वाचले.
अर्धे मिनिट लागले असेल. पण तिने शेवटची पायरी केली, आधीची साठ पाने माझी.
मीटिंग उभ्याउभ्याच झाली. टेबल तूर्त कॅथरीनकडे. तूर्त. मी मार्गदर्शक.

१० नोव्हेंबर, सोमवार
मार्गदर्शनासाठी दहाला पोहोचले. कोणी काही विचारले नाही. रिकामे कशाला उभे राहायचे, म्हणून एक कादंबरी घेऊन रांगेत लागले. तिसरा नंबर होता.
कॅथरीनने कादंबरी स्कॅन केली. पहिल्याच फटक्यात. मग माझ्या खुर्चीतून वर बघून म्हणाली, "पंधरा दिवसांत परत करा, बाय. पानं दुमडू नका."
हे वाक्य मी म्हणायचे असते.