माझं एकनिष्ठ यकृत

तीर्थस्वरूप मावशी,

तुझ्या तापट भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे, फक्त प्रेमात पडलोय.

कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो, तेवढ्यात उत्तेजक औषध शरीरातून किती वेळात बाहेर पडतं, या प्रयोगासाठी माणसं हवी आहेत असं कळलं. कॉफीतल्याच अर्काची एक गोळी गिळायची, वरून चहा-कॉफीला शिवायचं नाही आणि दिवसभरात जे होईल ते बाटलीत धरून खिडकीत द्यायचं. खिडकीपलीकडे ती. तिचा प्रबंध या बाटल्यांवरच उभा आहे. (पहिली भेट म्हणून मुलीला काय द्यावं याला काही मर्यादा असावी, पण नाइलाज होता.)

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढच्या जाड्याला म्हणाली, "वा, तुमचं यकृत फार चपळ आहे हो!" माझं डोकंच सणकलं. बाटली खिडकीत आपटून (झाकण सैल होतं, तो विषय नको) मी ओरडलो, "चपळ कसलं, चंचल! सकाळी आलेल्याला संध्याकाळी हाकलून देणारं! माझं तपासा, एकदा घेतलं की सोडत नाही." तिने तपासलं आणि चष्मा पुसून पुन्हा तपासलं. दिवस उलटला तरी माझ्या अंगातला अर्क हलायला तयार नव्हता. डॉक्टर धावत आले, म्हणाले, इतकी सावकाशी फक्त दिवस भरत आलेल्या बाईत दिसते. आणि माझ्या पोटाकडे बघत राहिले. मी त्यांची कॉलर धरणार, तोच ती हसली. म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस मला आजवर भेटला नव्हता." आणि मावशी, काल तिने आपणहून विचारलं, "तुमच्या घरचं कुणी येईल का?" आईपुढे तोंड उघडायची माझी छाती नाही. तूच ये.

तुझाच,
लग्नाळू भाचा

ता. क. : शालू नेसू नकोस. हा गुण रक्तातून येतो का, एवढंच तिला बघायचंय. तुलाही गोळी आणि बाटली मिळेल.

आणखी एक : इमारतीमागे कॉफीचं यंत्र आहे. माझ्या यकृताची निष्ठा तिथूनच येते, तासातासाला एक कप. आता खरं बोललो तर तिचा प्रबंध बुडेल आणि मीही. तेव्हा पिशवीत कॉफीचा थर्मास लपवून आण.

अगदी शेवटचं : काकांना आणू नकोस. ते रक्ताचे नाहीत, पण हौसेने बाटली भरतील. आणि सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत म्हणे कॉफीचा झटक्यात निकाल लावतं. उगाच तिला तेच आवडायचे.