चार सेकंदांत बरा झालेला वॉर्ड

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार घालायची रीत आहे, पण माझी कंबर हल्ली आडवी झाली की उभी व्हायला नकार देते; तेव्हा उभ्याउभ्याच हात जोडलेत असं समजून घ्या. विनंती आहे आणि विशेषही भरपूर आहे. पैकी विशेष आधी सांगतो, कारण विनंती आधी आली की पुढचं वाचायचं नाही ही आपल्या सासुरवाडीची जुनी सवय, आणि तुम्ही तर तिथले जावई कमी, चिरंजीव जास्त. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच. धाकट्या मेव्हणीबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि मला अजूनही चोर समजणाऱ्या तुमच्या कुत्र्याला यथायोग्य. (त्याचं काही चुकत नाही. सध्या इथे माझ्याकडे सगळेच तसं बघतात.) फोन न करता पत्र लिहितोय याचं आश्चर्य वाटू देऊ नका. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुमचं ऐकायचं. पत्रात निदान मध्येच तोडता येत नाही.

तर मूळ गोष्ट तुमच्या यंत्राची. आमच्या इस्पितळात तुमच्या कंपनीचं ते पेशंटांच्या नोंदींचं तळहाताएवढं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा आप्पांच्या घरी जेवायला सगळे जमलो होतो ते आठवत असेल. आपले सासरे म्हणजे वजनमापं तपासण्यात हयात घालवलेले गृहस्थ. दुकानात साखर घेतानासुद्धा आधी तराजूची तब्येत विचारणार, मग दुकानदाराची. त्यांनी तुम्हाला शेजारी बसवून घेतलं. (मला पंगतीच्या टोकाला, जिथे वाढपाचं प्रत्येक भांडं रिकामं होऊन पोचतं.) तुम्ही ते खिशातून काढलंत, बटण दाबलंत, आणि घास तोंडात जायच्या आत पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘तयार’. आप्पांनी घड्याळ लावलेलं होतंच. “चार सेकंद!” म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जन्माला यायलाच उशीर केला होता. तुम्ही म्हणालात, हे लिनक्सवर चालतं. आप्पांनी विचारलं, म्हणजे दोन सेलवर का? तुम्ही हसलात, आम्ही हसलो, मी जरा जास्तच हसलो, आणि माझ्या पुढची भाजी संपली.

त्या जेवणात तुम्ही आणखी एक सांगितलं होतं. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण जेवायला काही उरलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत, की सुरू होताना यंत्राला खरं तर ढीगभर कामं असतात: बटणं जागी करायची, घड्याळ जुळवायचं, मुख्य संगणकाला हाक मारायची, पेशंटांची नावं आणायची. एवढं सगळं होईपर्यंत माणूस वैतागतो. मग तुम्ही युक्ती केलीत. ‘तयार’चं चित्र सगळ्यात पुढे आणून ठेवलंत आणि बाकीची मंडळी मागून आपापल्या सवडीनं येऊ दे म्हणालात. चित्र दिसलं की माणसाला आपण थांबलोय हे कळतच नाही, असं तुमचं शास्त्र. मला ते ऐकून लग्नातल्या पंगतीची आठवण झाली: पानं मांडलेली, मीठ वाढलेलं, यजमान ‘बसा, बसा’ करतायत, आणि आत चुलीवर अजून भात चढायचाय. पण पंगतीच्या टोकावरून टीका केलेली चांगली दिसत नाही.

इस्पितळात यंत्र आलं आणि त्याच आठवड्यात आमच्या अधीक्षकांचं परिपत्रक आलं. हे अधीक्षक म्हणजे जिन्यातला दिवा पेशंट अर्ध्या पायरीवर असताना मालवणारे. त्यांनी हिशेब केला, की यंत्र चार सेकंदांत सुरू होतं, तर ते दोन खाटांच्या मध्ये चालू ठेवून बॅटरी कशाला खायची? सबब, प्रत्येक पेशंटची नोंद झाली की यंत्र बंद करावे व पुढील पेशंटपाशी पुन्हा सुरू करावे. साडूभाऊ, तुमची कर्तबगारी अशी पसरली बघा. जुनं यंत्र आळशी होतं म्हणून दिवसातून एकदाच उठवायचो. तुमचं चपळ, म्हणून दर खाटेला त्याला झोपवायचं आणि पुन्हा उठवायचं. कामसू सुनेची गत यापेक्षा वेगळी नसते.

आप्पांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याच इस्पितळात झालं हे तुम्हाला कळलं असेलच. ऑपरेशननंतर ते माझ्याच वॉर्डात, दारापासून दुसऱ्या खाटेवर. मी वॉर्डाचा कारकून. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कोणाला काय द्यायचं याच्या नोंदी ठेवणारा. आप्पा मात्र वॉर्डभर सांगत होते, की इथली यंत्रं आमच्या धाकट्या जावयाची. थोरला कुठे असतो असं कोणी विचारलं, तर ‘इथेच असतो कुठेतरी’ म्हणायचे. मी समोर उशीचा अभ्रा बदलत असायचो.

सकाळी मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. हे डॉक्टर चालत नाहीत, वाहतात. पहिल्या खाटेवरचा हर्नियावाला बघितला, ‘याला आज घरी पाठवा’ म्हणाले आणि पुढे सरकले. मी परिपत्रकाला स्मरून बंद केलेलं यंत्र सुरू केलं. ‘तयार’ आलं. घरी पाठवायचं असेल तर एकच हिरवं बटण. दाबलं की नोंद होते आणि यंत्रात आपोआप पुढच्या खाटेचं नाव येतं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ‘तयार’ तसंच हसतमुख. डॉक्टर म्हणाले, “झालं का हो?” मी दाबलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “अहो, झोपलात का?” मी दाबलं. मग अंगठ्याचा आणि माझा संबंध राहिला नाही; देवळातली घंटा बडवावी तसा तो बडवतच सुटला. आणि मग एकाएकी तुमची मागे राहिलेली सगळी मंडळी आत पोचली, माझ्या अंगठ्याचा एकूण एक दाब त्यांनी मान खाली घालून मोजला, आणि दर दाबाला एक याप्रमाणे दारापासून खिडकीपर्यंतची आख्खी रांग घरी पाठवली. ज्याचा पाय वजनं बांधून छताला टांगला होता, तोही बरा झाला. अशी तडकाफडकी प्रकृती आमच्या वॉर्डात कधी सुधारली नव्हती.

माझ्या हे लक्षात आलंच नाही, कारण मी पुढच्या खाटेच्या तयारीत यंत्र बंद करून डॉक्टरांमागे धावलो होतो, आणि पुढच्या खाटांपाशी त्यांनी नोंदवण्यासारखं काही सांगितलंच नाही. लक्षात आलं ते नाश्त्याची गाडी आमच्या वॉर्डावरून वळून न बघता गेली तेव्हा. पण मी तेव्हा औषधांच्या खोलीत, आणि इकडे आप्पांच्या खाटेपाशी एक जाडजूड गृहस्थ पिशवी, उशी आणि बायको घेऊन हजर. (हा संवाद मला टांगत्या पायाच्या पेशंटनं सांगितला. त्याला पळून जाता येत नसल्यामुळे तो सगळं ऐकतो.)

“आजोबा, उठा. ही खाट माझी आहे.”

“माझं ऑपरेशन परवाच झालंय.”

“झालं असेल. पण तुम्ही बरे झालात. खाली यंत्रात बघून पाठवलंय मला.”

इथे दुसरा कोणीही माणूस आरडाओरडा करता. माझा बाप असता तर त्यानं पिशवी, उशी आणि बायको तिघांनाही खिडकीतून काढलं असतं. पण हे आप्पा! त्यांनी विचारलं, “कोणत्या यंत्रात?” आणि तुमच्या यंत्रात हे कळल्यावर जोडे मागितले. पोटाला टाके, अंगात इस्पितळाचा मागून उघडा झगा, आणि स्वारी जिना उतरून फाटकाशी. रखवालदारानं अडवलं तर म्हणाले, “मी बरा झालोय, यंत्रात बघ.” त्याच्याकडेही तुमचंच यंत्र. त्यानं बघितलं, सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. रस्ता ओलांडायच्या आधीच टाका उसवला. भाजीवाल्यानं हातगाडीवर घालून परत आणलं, हे त्याचे उपकार. गाडीवरून उतरवताना आप्पा त्याला त्याचा तराजू एका बाजूला झुकतो हे सांगत होते.

पुन्हा टाके पडले. जीव बचावला. माझी नोकरी मात्र बचावलेली नाही. मी निलंबित आहे. कारकून म्हणून वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, जावई म्हणून भेटीच्या वेळेत यायला हरकत नाही; त्यामुळे सकाळी मला हाकलणारा रखवालदार संध्याकाळी ‘या, बसा’ म्हणतो.

चौकशी समितीपुढे मी तुमच्या यंत्राची करणी सांगितली. ते म्हणाले, दाखवून द्या. यंत्र आणलं. अधीक्षकांनी स्वतःच्या हातानं सुरू केलं. ‘तयार’ आलं. मी म्हटलं, दाबा आता, लगेच दाबा. मग एका सदस्याला चष्मा सापडेना. दुसऱ्यानं बटण कोणी दाबायचं हा अधिकाराचा प्रश्न काढला. तेवढ्यात चहा आला. चहा झाल्यावर, कप उचलल्यावर, रुमालानं बोट पुसून अध्यक्षांनी बटण दाबलं, आणि यंत्रानं एका क्षणात काम केलं. समिती बसवून तपासलं तर लंगडं घोडंसुद्धा वेळेवर निघेल, असं मी म्हणालो. ते इतिवृत्तात ‘उद्धट वर्तन’ या नावानं गेलं. मला एकदा दाबू द्या म्हटलं, तर आरोपीनं पुराव्याला हात लावायचा नसतो.

राहिला साक्षीदार. तो एकच: माझ्या कोपराशी, दुसऱ्या खाटेवर, डोळे उघडे ठेवून पडलेला. पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही, हे आप्पांनी बघितलंय. मला तसं बोललेही, “तुझं बटण लागत नव्हतं.” पण येत्या सोमवारी समितीपुढे काय सांगणार विचारलं तर म्हणतात, “मी आयुष्यभर बघितलंय. काटा खोटा नसतो, काट्यावरचा अंगठा खोटा असतो.” अंगठा कोणाचा ते वॉर्डाला ठाऊक आहे. तुमच्या मोठ्या मेव्हणीबाईंचं, म्हणजे आमच्या सौ.चंही, मत बापासारखंच. त्या म्हणतात, तुम्हाला घरच्या टीव्हीचा रिमोट चालत नाही, ते तर यंत्र होतं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की समितीला चार ओळी लिहून पाठवा: चित्र आधी येतं, यंत्र मागून. जेवताना जे छाती फुगवून सांगितलंत तेच, फक्त छाती न फुगवता. पण तुम्ही लिहिणार नाही हे मला माहीत आहे. याच चार सेकंदांवर तुमचं पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात भाषण आहे, आणि आप्पांनी त्याचं निमंत्रण खाटेच्या कठड्याला चिकटवलंय, जिथे इतरांचा तापाचा तक्ता असतो. भाषणासाठी एक सूचना फुकट देतो. इस्पितळात येणारा माणूस थांबायला शिकलेलाच असतो. पडदा काळा ठेवलात तर तो काळ्या पडद्याकडे बघत निमूट उभा राहील. ‘तयार’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीपुढे कसं थांबायचं, ते मात्र कोणालाच येत नाही.

कळावे, लोभ होताच कुठे, तो असावा.

तुमचा पंगतीच्या टोकाचा,
थोरला साडू

ता. क. वर लिहिलेली विनंती खोडून टाका. समितीला काही लिहू नका, तुमचं भाषण सुखरूप राहू दे. खरी विनंती अशी, की सोमवारच्या आत आप्पांना एक फोन करा आणि सांगा, यंत्रही चुकू शकतं. मी सांगून, डॉक्टरांनी सांगून, टाके उसवूनही त्यांना ते पटलेलं नाही. तुमच्या तोंडून आलं तर शपथेवर सांगतील. एवढ्यानं माझी नोकरी वाचते, आणि तुमच्या कंपनीला पत्ताही लागत नाही.

ता. क. चा ता. क. फोन कराल तेव्हा ‘वेळच मिळाला नाही हो’ असं म्हणू नका. ऑपरेशनच्या दिवसापासून आप्पा फोन उशीखाली घेऊन झोपतात. तिसऱ्या खाटेवरचा वाजला तरी आपला काढून बघतात, आणि मग ‘कामात असेल’ म्हणतात, मला नाही, फोनला. बघवेना, म्हणून मी दोनदा सांगितलंय, की तुमचा माझ्या फोनवर फोन येऊन गेला, आप्पा झोपलेत म्हटल्यावर उठवू नका म्हणालात. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, “आवाज कसा होता त्याचा?” मी म्हटलं, काळजीचा. त्या दिवशी जेवले नीट. तेव्हा यंत्राचं बोलणं जमलं तर जमवा. आवाज मात्र काळजीचा काढा. मी तसं सांगून बसलोय.