मथुराची फुकणी

१२ ऑगस्ट १९७९
आजपासून मथुरावर हात उचलायचा नाही. शपथ. अनाथाश्रमानं पोरगी माझ्याकडं सांभाळायला दिली तेव्हा काडी होती. आता केवढाही मार द्या, पडत नाही. ही ताकद कुणाच्या भाकरीची?
दुपारी दूध उतू गेलं. एक ठेवून दिली. ती धरायची नाही, शपथ नवी आहे.

१५ ऑगस्ट
दोन पोरं दारात. गोकुळ रोडवर लेथ चालवणारा सिद्राम, आणि जनाबाई, नर्सिंग शिकते. दोघंही त्याच आश्रमातली, परक्याच्या घरी मार खाऊन मोठी झालेली. आता आमच्या कमरीपेठेत घरोघर फिरतात. म्हणे, कुठं राहायचं ते पोरांनाच विचारा. मी म्हटलं, म्हशीला विचारून दावं बांधतात काय? सिद्राम म्हणाला, अक्का, म्हैस निदान शिंग तरी मारते.
तांब्या फेकला. कपाळ फुटलं. नेम अजून चांगला आहे माझा.

२० ऑगस्ट
रविवारी आश्रमाची कमिटी घर बघायला येणार. त्या दोघांचीच कागाळी. येऊ देत. मथुरा माझ्याशिवाय घास गिळत नाही. तिला शिकवलं, अक्का कधी मारत नाही, म्हण. चुकली. मारलं. परत चुकली, परत मारलं. शेजारची दुर्गव्वा भिंतीपलीकडून कानडीत साकु, साकु, पुरे, पुरे करत होती. पुरे कसं? शेवटी बरोबर म्हणाली. शिकवण्यात माझा हात कोण धरणार?

२५ ऑगस्ट
लाटणं, पट्टा, केरसुणी माळ्यावर टाकली. फुकण्या राहू दिल्या. चुलीपाशी फुकणी असणारच.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
कमिटीचे बाळाचार्य आले. मागं ती दोघं, सिद्रामच्या कपाळाला पट्टी. मथुरानं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. बाळाचार्य खूश. मी चहा ठेवला. लाकडं ओली, घरभर धूर. म्हटलं, मथुरा, फुकणी दे गं.
ती म्हणाली, "कुठली, अक्का? चुलीची का माझी?"
बाळाचार्यांनी दोन्ही मागून घेतल्या. तिची वाकलेली. तोंडाला लावून बघितली, वारा जाईना.
जनाबाईनं विचारलं, कुठं राहतेस? मथुरानं परकराचं गाठोडं बांधलं आणि तिच्यामागं जाऊन उभी राहिली.
मी चुलीची फुकणी घेऊन धावले. सिद्राम मध्ये आला, मनगटावर बसली. हाड वाजलं. मी काय मारायला धावले होते? निरोप द्यायला.

२९ ऑगस्ट
येईल परत. भूक लागली की येईल. ताट वाढून ठेवलं. मांजरानं खाल्लं. मांजराला हाणलं. तेही गेलं.

९ सप्टेंबर
केशवापूरला गेले. मथुरा रस्त्यापलीकडं, जनाबाईबरोबर. वेणी घातलेली. हाक मारावी म्हणून हात वर केला.
तिनं मला बघितलं आणि तिथंच खाली बसली, दोन्ही हातांनी डोकं झाकून.
लोक माझ्याकडं बघायला लागले. हात खाली घ्यायचं सुचेना. तेवढ्यात सिटी बस आली. वर केलेला हात बघून थांबली. कंडक्टर म्हणाला, चला बाई, लवकर.
मला कुठंच जायचं नव्हतं. चढले.